हळदीचा पिवळा, चुड्याचा हिरवा: लग्नाच्या फोटोंमधल्या रंगांच्या वादाचा आढावा

राजापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जैतापूरच्या खाडीच्या मुखाशी नाटे आहे. खाडीवर नजर ठेवणारा यशवंतगड, साखरी नाट्याची मच्छीमार वस्ती, पुढे आंबोळगडचा किनारा आणि सगळीकडे जांभ्याचा सडा. इथल्या लग्नांच्या तारखा मुंबईकर चाकरमान्यांच्या सुट्टीकडे पाहून धरल्या जातात, त्यामुळे एप्रिल-मे हाच खरा हंगाम. या दोन महिन्यांत इथं जे फोटो निघतात, त्यांच्या रंगांकडे पाहिलं की एक वाद नजरेत भरतो. तो फक्त नाट्याचा नाही, पण इथं तो फार स्पष्ट दिसतो. एका अल्बममध्ये नवरीचा चुडा पोपटी हिरवा आहे, तर दुसऱ्यात तो जवळजवळ राखाडी. एकीकडे हळदीचा पिवळा डोळ्यांत भरतो, दुसरीकडे तो ओल्या मातीच्या रंगाचा झाला आहे. अंगण, ऊन आणि बांगड्या त्याच आहेत. बदलला आहे तो फोटो काढून झाल्यावर संगणकावर दिलेला टोन.

हा टोन कोणकोणत्या पद्धतींनी देतात, त्या आल्या कुठून, त्यांच्या बाजूनं आणि विरुद्ध काय म्हटलं जातं आणि काय अजून ठरायचं आहे, हे इथं क्रमानं पाहू.

रंग आधीपासून कुणीतरी ठरवत आलं आहे

आधीचे फोटो खरे होते आणि एडिटिंग ही आजची खोड आहे, असं पुष्कळदा ऐकू येतं. इतिहास तसं सांगत नाही. कॅमेरा भारतात 1840 च्या सुमारास आला आणि 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तेव्हाचे फोटो एकरंगी होते, आणि लोकांना ते अपुरे वाटत. म्हणून स्टुडिओत रंगारी बसवले गेले. छापलेल्या फोटोवर ते जलरंगानं किंवा तैलरंगानं साडीची किनार, दागिने, ओठ, कधी संपूर्ण पार्श्वभूमी रंगवत. ज्युडिथ मारा गटमन यांनी 1982 च्या ‘थ्रू इंडियन आइज’ या पुस्तकात अशा रंगवलेल्या फोटोंकडे भारतीय चित्रपरंपरेचा भाग म्हणून पाहिलं. ख्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातल्या नागदा गावच्या स्टुडिओंचा अभ्यास करून 1997 मध्ये ‘कॅमेरा इंडिका’ लिहिलं. आपण आहोत त्याहून चांगले दिसावं, ही ग्राहकाची अपेक्षा त्यात फार सहानुभूतीनं मांडली आहे. आजचा वाद समजून घेताना ही अपेक्षा विसरून चालणार नाही.

याला आणखी एक धागा जोडावा लागतो. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला हलला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी मराठी घरांच्या भिंतींवर लागल्या. भरजरी लाल, गडद हिरवा, उजळ सोनेरी, आणि त्या सगळ्यात उठून दिसणारा चेहरा. नवरी कशी दिसावी याची कल्पना घडवण्यात या तसबिरींचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं. आजही ‘देवीसारखी दिसते’ म्हणताना डोळ्यांपुढे हाच रंग येतो.

मग रंगीत रोल आला. 1980 च्या दशकात शहरांतून छोट्या स्वयंचलित लॅब पसरल्या आणि लग्नाचे फोटो सर्रास रंगीत झाले. कोकणातले रोल जवळच्या मोठ्या गावी धुवायला जात. फोटो काढणाऱ्याच्या हातात तेव्हा रंग जवळजवळ नव्हताच. तो लॅबमध्ये छपाईच्या यंत्रावर बसलेल्या ऑपरेटरच्या हातात होता. यंत्रालाही स्वतःचा एक समज होता. कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांनी 1940 च्या दशकात मांडलेल्या तत्त्वानुसार, कुठल्याही दृश्यातले सगळे रंग एकत्र मिसळले तर सरासरी राखाडी येते, असं धरून यंत्र रंग जुळवत असे. साध्या निसर्गदृश्यात ते बरंचसं जमतं. पण फोटोभर नवरीचा लाल शालू असेल, तर यंत्राला वाटतं की प्रकाशच लाल आहे, आणि ते लाल कापायला लागतं. शालू फिका होतो, चेहऱ्यावर हिरवट निळी झाक येते. हळदीच्या फोटोत पिवळा कापला जाऊन निळं चढतं. जाणता ऑपरेटर असे फोटो ओळखून हातानं दुरुस्ती करी. नवखा असेल तर सगळी हळद फिकी छापून येई.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाश पाहून रंग आपोआप जुळवण्याची सोय, पुष्कळ हुशार झाला आहे, पण हळदीच्या कार्यक्रमात तो अजूनही याच ठिकाणी अडखळतो.

अडोबीचं फोटोशॉप 1990 मध्ये आलं आणि लाइटरूम 2007 मध्ये. लग्नाच्या फोटोग्राफरसाठी दुसरी घटना जास्त मोठी होती. लाइटरूममध्ये एका फोटोवर केलेले बदल साठवून ठेवता येतात आणि तेच हजार फोटोंवर एका झटक्यात लावता येतात. यालाच प्रीसेट म्हणतात. 2010 मध्ये इन्स्टाग्राम सुरू झालं. 2011 मध्ये व्हीएससीओ या कंपनीनं जुन्या फिल्म रोलांच्या रंगांची नक्कल करणारे प्रीसेट विकायला काढले, आणि 2019 मध्ये ते बंद करेपर्यंत जगभरच्या लग्नांचा टोन त्यांनी बदलून टाकला होता. भारतात कँडिड फोटोग्राफीची लाट याच काळातली. रंग ठरवणारा हात स्टुडिओतल्या रंगाऱ्याकडून लॅबच्या ऑपरेटरकडे आणि तिथून फोटोग्राफरकडे आला. खरं तर तो पुष्कळदा प्रीसेट बनवणाऱ्या, नाटेच काय पण भारतही न पाहिलेल्या कुणाकडे तरी गेला.

आज चालू असलेल्या पद्धती

धंद्यात यांची नावं सुटसुटीत नाहीत, एकाच टोनला दोन जण दोन नावं देतात. तरी ठळक प्रवाह वेगळे काढता येतात.

सर्वांत जुना आणि गावोगाव अजून सर्वांत जास्त चालणारा प्रवाह भडक टोनचा. रंग गडद, कडा तीक्ष्ण, चेहरा गुळगुळीत आणि उजळ, आकाश निळंशार, संगणकावर मांडून छापलेल्या करिझ्मा अल्बमच्या पानांवर मागे फुलांची किंवा महालाची जोड. शहरी फोटोग्राफर याला जुनाट म्हणतात. पण याची बाजू कमजोर नाही. सी. जे. बार्टलसन यांनी 1960 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की ओळखीच्या वस्तूंचे रंग आपल्या आठवणीत मूळ रंगांपेक्षा जास्त गडद असतात. गवत अधिक हिरवं आठवतं, आकाश अधिक निळं. म्हणजे भडक अल्बम पाहून आजी ‘अगदी असंच होतं’ म्हणते तेव्हा ती तिच्या आठवणीशी इमान राखून बोलत असते. शिवाय हा टोन नीट छापला जातो, कमी प्रकाशातल्या घरात पाहिला तरी कळतो.

दुसरा प्रवाह उजळ, हलक्या टोनचा. फोटो मुद्दाम जास्त प्रकाशात, सावल्या जवळजवळ पुसलेल्या, रंग मंद, हिरवा पुदिन्याच्या चटणीसारखा फिका. याचं मूळ फिल्ममध्ये आहे. फुजीचा प्रो 400एच हा रोल जास्त प्रकाश देऊन वापरला की गोड, फिकट रंग देई, आणि अमेरिकेतल्या काही लग्न-फोटोग्राफरांनी त्यावर आपली शैली उभी केली. तो रोल 2021 मध्ये बंद झाला, त्याचा टोन मात्र प्रीसेटमध्ये राहिला. भारतात या टोनला मोठी चालना मिळाली ती फिक्या रंगांच्या पोशाखांमुळे. विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचं लग्न डिसेंबर 2017 मध्ये इटलीत झालं. नवरीचा लेहंगा फिकट गुलाबी होता. ते फोटो प्रत्येक फोनवर पोचले, आणि लाल शालूशिवाय नवरी हे चित्र घरोघरी ओळखीचं झालं. या टोनचे समर्थक म्हणतात की चेहऱ्यावरचे भाव यात सर्वांत मोकळे दिसतात. रंगांचा गोंगाट नसल्यामुळे नजर माणसावर जाते. पेस्टल साडी, पांढरी फुलं आणि सकाळची वेळ असेल तर हे अगदी खरं आहे.

तिसरा गडद, उदास टोन. काळे भाग दाबलेले, हिरवा रंग पिवळट करड्याकडे नेलेला, त्वचेवर तांबूस ऊब. उत्तर युरोपातल्या आणि अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या धुकट जंगलांत हा टोन वाढला. याची ताकद वातावरणात आहे. संध्याकाळचा किनारा, यशवंतगडाची ढासळती तटबंदी, दोघंच उभी. अशा प्रीवेडिंग फोटोत हा टोन शब्दांशिवाय पुष्कळ बोलतो. आंबोळगडला काढलेले बरेच प्रीवेडिंग फोटो या टोनमध्ये का असतात, ते पाहताक्षणी पटतं.

चौथा प्रवाह सिनेमाचा. सावल्या निळसर हिरव्या, त्वचा नारिंगी. डिजिटल पद्धतीनं पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा रंग बदलण्याचं पहिलं ठळक उदाहरण म्हणजे 2000 सालचा कोएन बंधूंचा ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’. छायाचित्रणकार रॉजर डीकिन्स यांना दुष्काळी, पिवळी भूमी हवी होती, पण चित्रीकरणाच्या वेळी मिसिसिपी हिरवीगार होती. म्हणून संगणकावर सगळी हिरवाई वाळवून टाकली. लग्नाच्या प्रीसेटांमध्ये हिरवा मारण्याची जी सवय आज दिसते, तिच्यामागे चित्रपटांतल्या अशा प्रयोगांचा प्रभाव आहे. फरक एवढाच, की डीकिन्स यांना कथेसाठी कोरडं गवत हवं होतं. नारळी-पोफळीच्या वाडीतल्या लग्नाला ते का हवं, याचं कारण प्रत्येक वेळी सापडत नाही.

पाचवा प्रवाह स्वतःला शैली म्हणवत नाही. जसं होतं तसं ठेवायचं, पांढरं पांढरं दिसावं, त्वचा त्वचेसारखी, बाकी हात लावायचा नाही. दिसायला हा सर्वांत सोपा वाटतो, करायला सर्वांत कठीण आहे. त्याबद्दल पुढे.

कृष्णधवल फोटो हा सहावा प्रवाह म्हणावा का? आज तो मुख्यतः आसरा आहे. सभागृहातल्या स्टेजवर जांभळे-निळे एलईडी दिवे लागले की चेहऱ्यावर पडणाऱ्या प्रकाशात बाकीचे रंगच नसतात. जो रंग प्रकाशात नव्हता, तो एडिटिंगमध्ये परत आणता येत नाही. अशा वेळी रंग काढून टाकणं हाच प्रामाणिक मार्ग उरतो.

मे महिन्यातलं ऊन

या सगळ्या टोनांवरची चर्चा बहुधा आवडीनिवडीवर थांबते. मला वाटतं ती आधी प्रकाशावर यायला हवी, कारण प्रत्येक टोन एका विशिष्ट उजेडात जन्मला आहे आणि दुसऱ्या उजेडात तो वेगळा वागतो.

नाटे साधारण साडेसोळा अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात इथं सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. आणि पुष्कळ मुहूर्त दुपारी बाराच्या आगेमागेच असतात. उघड्यावर या वेळी डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकाच्या शेंड्यावर पांढरा डाग पडतो. गडद टोन अशा फोटोवर लावला की डोळे नाहीसेच होतात. उजळ टोन लावला तर कपाळ आणि पांढरं उपरणं जळतं, विणीचा धागाही दिसत नाही.

मांडवाखाली दुसरंच संकट. मांडवाचं कापड ज्या रंगाचं, त्या रंगाचा उजेड खाली गाळून येतो. गुलाबी कापडाखाली सगळी वऱ्हाडी मंडळी गुलाबी. वाडीतल्या सावलीत झावळ्यांतून आलेला हिरवट प्रकाश गालांवर बसतो. आणि जांभ्याच्या अंगणावर किंवा तांबड्या वाटेवर ऊन पडलं की खालून तांबूस प्रकाश हनुवटीवर उसळतो. वरून हिरवा, खालून तांबडा, बाजूनं पांढरी भिंत, असा तीन रंगांचा उजेड एकाच चेहऱ्यावर असतो. व्हाइट बॅलन्सचा एकच आकडा यातल्या एकाच उजेडाला बरोबर ठरतो.

परदेशात तयार झालेला प्रीसेट या परिस्थितीचा विचार करून बनलेला नसतो. कॅलिफोर्नियाच्या सावलीतला किंवा स्कँडिनेव्हियाच्या कलत्या सूर्याचा मऊ, एकरंगी उजेड तो गृहीत धरतो. याचा अर्थ हे टोन कोकणात वापरूच नयेत असा नाही. गोरज मुहूर्ताच्या वेळी, सूर्य समुद्राकडे उतरल्यावर, ते फार सुंदर बसतात. मात्र सकाळच्या देवकापासून रात्रीच्या वरातीपर्यंत एकच प्रीसेट ओढला, तर दिवसाच्या मधल्या चार-पाच तासांचे रंग बिघडतात. नेमके तेच तास विधींचे असतात.

ज्या रंगांना अर्थ आहे

मराठी लग्नात काही रंग हौसेसाठी असतात, काही विधीचा भाग असतात. हळदीचा पिवळा दुसऱ्या वर्गातला. तसाच चुड्याचा हिरवा, कुंकवाचा लाल, अक्षतांचा हळद-कुंकवानं आलेला रंग, मंगळसूत्राच्या मण्यांचा काळा. अनेक घरांत नवरी मुहूर्ताला पिवळी अष्टपुत्री नेसते. कासाराकडून भरलेला हिरवा चुडा हाताला असतो. साखरी नाट्यातल्या मुस्लिम मच्छीमार कुटुंबांच्या निकाहात मेंदीचा रंग किती चढला हे पाहणं हा त्या दिवसाच्या आनंदाचाच भाग आहे. हे रंग फोटोत वेगळे झाले, तर त्या दिवशी काय घडलं हेच वेगळं दिसतं.

इथं तंत्राची थोडी माहिती द्यायला हवी, कारण वादाचं मूळ तिथं आहे. लाइटरूममध्ये रंग आठ गटांत विभागलेले असतात: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, जांभळा, किरमिजी. प्रत्येक गटाची छटा, गडदपणा आणि उजळपणा वेगवेगळा हलवता येतो. बहुतेक प्रीसेट याच आठ पट्ट्यांवर उभे असतात. आता कोकणातलं लग्न घेऊन बघा. नारिंगी पट्टीत काय काय येतं? माणसाची त्वचा, गोरी असो वा सावळी, झेंडूची तोरणं, हळदीचा काही भाग, सोन्याचे दागिने आणि जांभ्याची भिंत. त्वचा उजळ करायला नारिंगी वर नेला की सोनं पितळेसारखं फिकं होतं आणि जांभा विटकरी गुलाबी. हिरव्या पट्टीत चुडा, आंब्याची पानं, केळीचे खुंट, मागची संपूर्ण वाडी. मागची झाडं शांत दिसावीत म्हणून हिरवा मारला की चुडाही मरतो. एकाच पट्टीवर पार्श्वभूमी आणि विधी दोन्ही बसले आहेत, ही इथली खरी अडचण.

यावर उपाय आहे. ऑक्टोबर 2021 पासून लाइटरूममध्ये माणूस आपोआप निवडून फक्त त्याच्यावर किंवा त्याला सोडून बाकीच्यावर बदल करता येतात. झाडांचा हिरवा खाली आणि चुड्याचा हिरवा जागेवर, हे आता शक्य आहे. पण त्याला प्रत्येक फोटोमागे वेळ लागतो. हंगामात ओळीनं लग्नं घेणारा, हजारो फोटोंचा ढीग समोर असलेला छोट्या गावातला फोटोग्राफर हा वेळ कुठून आणणार, आणि त्याचे पैसे कोण देणार? रंगांबद्दलच्या चर्चेत हा प्रश्न फार क्वचित विचारला जातो, आणि टीका मात्र त्याच्यावरच होते.

विरुद्ध बाजूचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. ते असं, की फोटो म्हणजे विधींची नोंदवही नाही. नवरा-नवरीला तो दिवस कसा वाटला हे दाखवणं हेही फोटोचं काम. आज नवरी स्वतः फोन पुढे करून म्हणते, मला असा टोन हवा. तिला हिरवा शांत हवा असेल तर तो तिचा अधिकार आहे. परंपरेच्या नावाखाली तिच्या आवडीला कमी लेखणं बरोबर नाही. या मुद्द्यातलं तथ्य मला मान्य आहे. फक्त तिला नमुना दाखवताना पूर्ण लग्न दाखवलं होतं, की संध्याकाळचे निवडक दहा फोटो, एवढं विचारावंसं वाटतं.

भारतीय रंगांच्या बाजूनं सर्वांत जोरकस मांडणी लग्नाच्या फोटोग्राफीबाहेरून आली आहे. रघुवीर सिंग यांनी आयुष्यभर रंगीत, मुख्यतः कोडॅक्रोम फिल्मवर भारत टिपला. 1998 मध्ये आलेल्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटलं, की भारतीय माणूस जग रंगातच अनुभवतो आणि पाश्चात्त्य कृष्णधवल फोटोग्राफीतली खिन्नता ही त्याची दृष्टी नाही. हे विधान सरसकट घेतलं तर अतिरेकी वाटेल. लग्नाच्या मांडवापुरतं ते मला फार जवळचं वाटतं.

त्वचेचा रंग

सगळ्या वादातला सर्वांत नाजूक भाग हा. फोटो उद्योगाचा इतिहास इथं कुणालाच मोकळं सोडत नाही. लॅबमध्ये यंत्र जुळवण्यासाठी कोडॅक एका गोऱ्या स्त्रीच्या फोटोचं कार्ड पाठवत असे, त्याला ‘शर्ली’ म्हणत. तिची त्वचा बरोबर आली की यंत्र बरोबर. कॅनडाच्या लोर्ना रॉथ यांनी 2009 मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध केलं. फिल्ममध्ये तपकिरी छटा नीट उमटत नाहीत अशी तक्रार आधी लाकडी फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्या कंपन्यांनी केली होती, आणि सुधारणांना त्यामुळे वेग आला, असं त्यात दाखवलं आहे. पुढे गुगलनं 2021 मध्ये फोनच्या कॅमेऱ्यात सर्व वर्णांची त्वचा नीट यावी म्हणून वेगळं काम सुरू केलं, आणि 2022 मध्ये समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची मोजपट्टी स्वीकारली.

आपल्याकडचा प्रश्न मात्र बाहेरून लादलेला आहे असं म्हणून सुटका नाही. ‘गोरी करून द्या’ ही मागणी लॅबच्या काळापासून आहे. जून-जुलै 2020 मध्ये एका मोठ्या विवाह संकेतस्थळानं वर्णाची गाळणी काढली आणि ‘फेअर अँड लव्हली’नं नावातला ‘फेअर’ बदलला. मागणी त्यामुळे संपली नाही. तिचा आवाज थोडा हळू झाला. गंमत नाही, दुःख आहे की उजळ टोन आल्यावर हीच जुनी मागणी सौंदर्यदृष्टीच्या नावानं पुरी होऊ लागली. तसा या टोनच्या कर्त्यांचा हेतू नव्हता, हेही खरं. गडद टोनचं वेगळं आहे. त्यात सावळी त्वचा अनेकदा फार सुंदर येते, पण काळे भाग दाबल्यामुळे ती चेहऱ्याच्या रेषांसकट सावलीत बुडण्याचा धोका असतो.

फोटोग्राफरांमध्ये यावर तीन मतं आढळतात. एक, ग्राहक सांगेल तसं करावं. दोन, कुणी सांगितलं तरी मूळ वर्ण बदलू नये, फार तर डाग-मुरूम काढावेत. तिसरं मत मधलं: उजेड चांगला देऊन चेहरा खुलवावा, एडिटिंगमध्ये वर्ण हलवू नये. मी तिसऱ्या मताचा आहे, आणि त्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. समूहफोटोत नवरीला गोरं केलं की शेजारी उभ्या असलेल्या बहिणीशी तिचं साम्यच तुटतं. आईच्या शेजारी मुलगी परकी दिसते. घरच्या लोकांना हे बोट ठेवून सांगता येत नाही, पण जाणवतं.

‘जसं होतं तसं’ म्हणजे कसं?

खऱ्या रंगांचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू सर्वांत स्वच्छ वाटते. त्यांच्याकडे साधनंही आहेत: करड्या रंगाचं कार्ड, किंवा 1976 पासून वापरात असलेलं चोवीस चौकोनांचं रंगपत्रक. प्रत्येक जागी प्रकाश बदलला की एक फोटो या कार्डाचा काढायचा आणि नंतर त्यावरून रंग बसवायचे.

पण ‘होतं’ हे कुणाच्या डोळ्यांना? मांडवात बसलेल्या माणसाचा डोळा गुलाबी उजेडाला काही मिनिटांत सरावतो आणि पांढरं पांढरंच पाहतो. कॅमेरा सरावत नाही. मग गुलाबी झाक पूर्ण काढली तर मांडवातली ती ऊबही जाते. संध्याकाळच्या समईचा पिवळा उजेड शुद्ध पांढरा करून टाकला तर मोजमाप बरोबर येतं आणि संध्याकाळ हरवते. त्यामुळे या प्रवाहातले जाणते लोकही सगळी झाक काढत नाहीत, थोडी ठेवतात. किती ठेवायची, हा पुन्हा निवडीचाच प्रश्न झाला.

शिवाय कोकणात एडिटिंग पुष्कळदा पावसाळ्यात होतं. चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणून तेव्हा हात मोकळे होतात. मेमधल्या उन्हाचे रंग जुलैच्या करड्या उजेडात बसून आठवायचे आणि आठवण, बार्टलसन यांनी दाखवल्याप्रमाणे, रंग चढवते. खऱ्या रंगाचा दावा करणाऱ्यांनी म्हणूनच कार्डाचा फोटो काढणं टाळू नये, एवढं तरी म्हणता येईल.

बारकाव्याचा एक भाग फाइलच्या प्रकाराचा. जेपीजीमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता साठवलेल्या 14 बिटांच्या रॉ फाइलमध्ये 16,384. जेपीजीतला जळालेला पांढरा किंवा तुटलेला लाल परत आणायला जागाच नसते. जागा वाचवण्यासाठी आजही कुणी फक्त जेपीजी काढत असेल, तर त्याच्यासाठी टोनचा वाद बराचसा आधीच संपलेला असतो.

पडदा, कागद आणि दमट हवा

टोन ठरतो संगणकाच्या पडद्यावर, पाहिला जातो फोनवर, छापला जातो कागदावर. तिन्ही ठिकाणी तो वेगळा. फोनचे पडदे चमकदार असतात आणि पुष्कळसे मुळातच रंग चढवून दाखवतात. व्हॉट्सअॅपवरून गेलेला फोटो दाबला जातो, गडद टोनमधल्या सावल्यांत चौकोनी डाग उमटतात. कागद स्वतः प्रकाश देत नाही, म्हणून गडद टोन अल्बममध्ये अपेक्षेपेक्षा काळा येतो. उजळ टोनचे फिके भाग कागदाच्या पांढऱ्यात विरून जातात. छपाई सर्वांत जास्त सहन करतो तो भडक टोन. गावच्या फोटोग्राफरला तो सोडवत नाही, याचं हेही कारण आहे, कारण त्याच्या ग्राहकाला अजून अल्बम हवा असतो.

टिकाऊपणाचा मुद्दा कोकणात वेगळाच आहे. 1970-80 च्या दशकांतले रंगीत फोटो आज तांबूस झालेले दिसतात, कारण त्या कागदांतला निळसर रंग अंधारात ठेवूनही आधी उडाला. दमट हवेनं उरलेलं काम केलं, पानं चिकटली, बुरशी आली. आज विकला जाणारा ‘जुना’ टोन याच बिघाडाची नक्कल करतो. जुना फोटो उडाला तरी निगेटिव्हवरून पुन्हा छापता येई. आजचा टोन जेपीजीत कायमचा बसतो, आणि रॉ फाइल काही महिन्यांनी पुसली गेली तर मागे जाण्याची वाट बंद.

अजून न सुटलेलं

पहिला प्रश्न मालकीचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ग्राहक असतो. कलम 57 फोटो काढणाऱ्याला त्याच्या कामाची विकृती करून त्याच्या लौकिकाला धक्का लावण्याविरुद्ध हक्क देतं. म्हणजे नवरीनं फोटोवर स्वतःचा फिल्टर चढवून फोटोग्राफरच्या नावासकट टाकला, तर दोघांकडेही आपापलं बोलायला जागा आहे. रॉ फाइल द्यावी की नाही, यावर तर एकमत जवळपास नाहीच. देऊ नये म्हणणारे तिला अर्धवट काम मानतात. द्यावी म्हणणारे विचारतात, वीस वर्षांनी कुटुंबाला चुड्याचा मूळ हिरवा पाहावासा वाटला तर काय?

दुसरा प्रश्न यंत्राचा. इमेजेन, आफ्टरशूट यांसारखी साधनं फोटोग्राफरच्याच आधीच्या हजारो फोटोंवरून त्याचा हात शिकतात आणि पूर्ण लग्नाला टोन देतात. वेळ वाचतो, आणि पावसाळ्यातला ढीग हलका होतो. पण ज्याने आतापर्यंत प्रत्येक हळदीत पिवळा कापला, त्याचं यंत्रही पिवळा कापायलाच शिकेल. लॅबच्या यंत्राची जुनी चूक नव्या रूपात परत येते का, हे पाहायला अजून काही हंगाम जावे लागतील.

तिसरा प्रश्न फोटो आणि व्हिडिओ यांच्या मेळाचा. दोन वेगवेगळ्या माणसांनी काम केलं की अल्बममध्ये नवरी एका रंगाची साडी नेसलेली दिसते आणि फिल्ममध्ये दुसऱ्या. यावर धंद्यात नीट चर्चाही सुरू झालेली नाही.

तोपर्यंत व्यवहारात करण्यासारखं थोडं आहे, आणि ते ग्राहक आणि फोटोग्राफर दोघांच्याही हातात आहे. ठरवण्याआधी एका पूर्ण लग्नाचे फोटो पाहावेत, त्यातही दुपारच्या मुहूर्ताचे आणि हळदीचे. हळद, चुडा, कुंकू, मेंदी आणि त्वचा यांच्या रंगाला हात लावायचा की नाही, हे आधी बोलून कागदावर घ्यावं. बाकी टोन हवा तो घ्यावा. रॉ फाइल किती काळ राहील, हेही त्याच कागदावर यावं. आणि हंगामात पाच मिनिटं जास्त घेऊन चुडा वेगळा निवडणाऱ्या फोटोग्राफरला त्या पाच मिनिटांचे पैसे द्यावेत.